आमच्याकडं असतात

माणूस बायको बघून, विचारून, चार जणांचा सल्ला घेऊन करतो. साडू मात्र आयता मिळतो. मी बोहल्यावर उभा राहिलो तेव्हा माझे साडू मुंजाभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून आधीपासूनच उभे होते, आणि नवरदेवाकडे बघायचं सोडून माइकच्या जनरेटरकडे कान लावून होते. मंगलाष्टकं संपायच्या आत तो बंद पडणार हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं होतं. ते तिकडे गेले, काय केलं कोण जाणे, पण 'शुभमंगल' शेवटपर्यंत लोकांना ऐकू गेलं. आमची ओळख ही अशी, पाठमोरी झाली.

मुंजाभाऊ म्हणजे सुनंदाच्या, माझ्या बायकोच्या, थोरल्या बहिणीचे मिस्टर. राहणार बोरी, तालुका जिंतूर. धंदा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सासुरवाडीत आम्हा दोघांचे पाट शेजारी मांडलेले असायचे आणि दर घासाला मी मनातल्या मनात हेच म्हणत असायचो, एक प्राध्यापक, एक मोटारीवाला. पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी मला सफारीचं कापड केलं आणि त्यांना टॉवेल-टोपी. मी तोंड शक्य तितकं साधं ठेवलं होतं. मुंजाभाऊंनी माझं कापड उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"झकास हाय, साडू. तुमाला पावना म्हनून दिलं, मला घरचा म्हनून. पुढल्या सालापासून तुमालाबी टोपीच बगा."

पुढच्या साली टोपीच आली.

गेल्या वर्षी मुंजाभाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात कुणी त्यांची आठवण काढली की सगळे आळीपाळीनं एकेक गोष्ट सांगतात आणि हसतात. मीही सांगतो. फक्त एक गोष्ट आली की मी पाणी प्यायला उठतो. ती इथं लिहितो, म्हणजे उठता येणार नाही.

आधी माणूस सांगतो. बुटके, काळेसावळे, डोक्याला कायम पांढरा टॉवेल गुंडाळलेला. खुर्चीवर बसायच्या आधी तिचा हात दाबून बघायचे, जनावराची पाठ बघावी तसं. चहा बशीत ओतायचे आणि चटका बसेल असा प्यायचे. हसायचं आधी आणि विनोद नंतर, त्यामुळे निम्म्या वेळा विनोद राहूनच जायचा. आवडता शब्द 'बिलकुल'. घरी मोटरसायकल होती, पण ती लग्नकार्यापुरती. कामाला जायचे सायकलवर. तिला मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही. सायकलीची नुसती हाडं ठेवली होती. खताच्या पोत्यात पाने-पकडी घालून ते पोतं दांडीला बांधायचे आणि पांदणीतून, म्हणजे शेताशेतांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेनं, कुठंही पोचायचे. पावसाळ्यात लोक मोटरसायकली ढकलत असायचे आणि हे घंटी वाजवत बाजूनं जायचे. मडगार्ड का काढलं विचारलं तर म्हणायचे, "आधी चिखलाला इचारलं. त्यो म्हनला, काड."

एकदा सासऱ्यांची मोटार पाणी ओढेना. मुंजाभाऊ आले, मोटारीवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. आम्ही सगळे भोवती. मग त्यांनी आम्हाला खूण केली आणि पार लिंबाच्या झाडाखाली नेलं. तिथं आवाज खाली आणून म्हणाले, "वायंडिंग जळालंय हिचं."

"मग तिथंच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"चार लोकांत कुनाचं उणं काडावं का, साडू? मोटार झाली म्हनून काय झालं?"

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं सांगितली. लोक लय हसायचे. मोटारीवाल्या साडूची गोष्ट म्हणून हसायचे, आणि मी हसू द्यायचो.

तर, सायकल. पन्नाशीला माझी साखर वाढली आणि मी दाताच्या एका डॉक्टरांच्या सायकल ग्रुपात शिरलो. साखरेसाठी दाताचा डॉक्टर का, असं सुनंदानं विचारलं होतं. ग्रुपात वकील, इंजिनिअर, एक कारखानदार. सगळे हेल्मेट घालणारे. मी घरातली जुनी सायकल घेऊन शेवटी असायचो. डॉक्टर म्हणाले, "सर, आता आपल्याला ट्रेल करायचे आहेत. तुम्ही एक चांगली हार्डटेल घ्या." ट्रेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे देवदारांचं जंगल आलं. नंतर कळलं, जिंतूरकडच्या पांदणीच.

दोन महिने मी मोबाइलवर सायकली बघितल्या. वहीत रकाने पाडले. पुढच्या शॉकअपची दांडी किती मिलिमीटर दबते, चाक सत्तावीसचं का एकोणतीसचं, पुढं एक चक्र का तीन. सुनंदानं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "हार्डटेल म्हंजे काय हो?"

"जिला मागं शॉकअप नसतं ती."

"मग नसलेल्या वस्तूसाठी एवढं बघावं लागतंय का?"

तिनंच बोरीला फोन केला. मुंजाभाऊ आले, खुर्ची दाबून बसले, माझी वही वाचली. म्हणजे पानं उलटली. "समदं लिवलंय," म्हणाले, "चिखल कुटं लिवलाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोरीला नेलं. वळवाचा पाऊस पडून उघडला होता. "ही तुमची सायकल, ही पांदण. जावा त्या बाभळीपस्तोर." मी माझी जुनी सायकल घेऊन निघालो. चाळीस पावलांवर चाक फिरायचं थांबलं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी बसली होती की जणू कुणी सिमेंट भरलंय. मी पायडलवर उभा राहिलो, आणि तसाच, उभ्याचा आडवा झालो.

बावीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय, काळी मृदा ओलावा धरून ठेवते आणि ओली झाली की अत्यंत चिकट बनते. परीक्षेत दोन गुणांना येतं. ती मला चिकटेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

मुंजाभाऊंनी आधी हसून घेतलं, मग मला उठवलं. चिखलात उकिडवे बसून त्यांनी चाकाजवळची माती बोटानं खरवडली. "हितं दोन बोटं फट पायजे. पुडंबी, मागंबी. बिरेक चाकाच्या कडंला नको, मदी तबकडीचा घ्या, कडंला माती खातंय. आन् मागं शॉकअप बिलकुल नको. जितके सांदे तितकी माती. मागचं अंग ताठच पायजे."

"मुंजाभाऊ, यालाच हार्डटेल म्हणतात!"

"म्हनू द्या की. आपलं काय जातंय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सायकलच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचं आणि शहराचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नाही. पांढऱ्या फरशा, गार हवा, सायकली भिंतीवर टांगलेल्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुंजाभाऊंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. काय आहे विचारलं तर नुसते हसले होते.

माझं मन एका लाल सायकलीवर गेलं. मुंजाभाऊंनी तिच्या मागच्या चाकाच्या फटीत बोटं घालून पाहिली, दीडच गेलं. मला हाताला धरून तिच्यापासून चार पावलं लांब नेलं आणि म्हणाले, "तंग हाय." मग ते एका मातकट राखाडी सायकलीपाशी उकिडवे बसले, पिशवी उघडली आणि आतून बोरीच्या मातीचा गोळा काढला. बाटलीतलं पाणी घालून तो फरशीवर मळला. आणि त्या कोऱ्या सायकलीच्या चाकाच्या वर हातानं लिंपून चाक फिरवलं.

मालक काउंटरमागून ओरडला, "ओ काका! हे काय करायलाव?"

"बगायलोय जाती का," मुंजाभाऊ मान न वळवता म्हणाले. चाक गरागरा फिरलं. मातीचे शिंतोडे फरशीवर, भिंतीवर, आणि थोडे माझ्या इस्त्रीवर.

नेमके तेव्हा काचेचं दार ढकलून आमच्या ग्रुपचे डॉक्टर आत आले. हातमोजे घ्यायला आले होते म्हणे. त्यांनी मला पाहिलं, फरशी पाहिली, टॉवेल गुंडाळलेला तो माणूस पाहिला.

"अरे वा, सर! हे कोण?"

उत्तर सोपं होतं. भूगोलाच्या माणसालाही आलं असतं.

मी म्हणालो, "आमच्याकडं असतात."

दोन शब्द. घाबरून तोंडातून काहीतरी निसटलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण निसटलेलं वाक्य इतकं नीट बसत नाही. 'गडी आहे' म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं. 'आमच्याकडं असतात' यात आदराचं अनेकवचन होतं, माया होती, आणि एक माणूस साडूपणातून अलगद काढून दाराबाहेर ठेवलेला होता.

मुंजाभाऊंनी चाक थांबवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. टॉवेल सोडून हात पुसले, मग त्याच टॉवेलानं फरशी पुसून काढली. उठून डॉक्टरांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "सायेब, हीच घ्या. जाती."

भूगोलाच्या मास्तराला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते माझ्या थोरल्या साडूनं.

दुकानातला नोकर जेवायला गेला होता. डॉक्टर खुर्चीत बसले आणि सहज, अगदी सहज, मुंजाभाऊंना म्हणाले, "मामा, समोरून चहा घेऊन या बरं." मला अजूनही बोलता आलं असतं. मुंजाभाऊ समोर गेले आणि तारेच्या जाळीतून चहा घेऊन आले. ग्लास तीन होते. एक मालकाला, एक डॉक्टरांना, एक मला. त्यांनी स्वतःला मोजलं नव्हतं. मी चहा प्यालो. त्यात आलं होतं, हेसुद्धा आठवतं.

घरी परत येताना टेम्पोत ते हवेबद्दल बोलत राहिले. पांदणीत टायर थोडा मऊ ठेवा, डांबरावर टणक करा. घरी सुनंदानं विचारलं, "जमलं का भाऊजी? तुम्हीच निवडली असेल."

"मी कुटला. ह्यांनाच लय मालूम हाय. मी नुसता बसलो व्हतो," मुंजाभाऊ म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

माझी लाज त्यांनी माझ्या बायकोपासूनही झाकून ठेवली. फक्त एक बदललं. त्या दिवसापासून त्यांनी मला कशानंच हाक मारली नाही. साडू नाही, साहेबही नाही. "आयकलं का" म्हणायचे, जुन्या काळच्या बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं. लोकांना यात काही खटकलं नाही. मला दर वेळी टोचायचं.

पाऊस लागल्यावर ग्रुप जिंतूरच्या बाजूला गेला. एका पांदणीत डॉक्टरांच्या, वकिलांच्या, सगळ्यांच्या महागाच्या सायकली एकामागोमाग गच्च झाल्या. माझी राखाडी सायकल तेवढी गेली. बाभळीखाली मी एकटा उभा, आणि मागून हे सगळे सायकली खांद्यावर घेऊन येतायत. डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "सर, मानलं! कशी निवडलीत?"

मी टायर आणि फ्रेममधल्या फटीवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. काळ्या मृदेचे गुणधर्मही सांगितले. वकिलांनी टाळ्या वाजवल्या. मुंजाभाऊंचं नाव कुठंच आलं नाही. फक्त निघताना डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडचा तो माणूस मोटारी बघतो म्हणे, दुकानाचा मालक सांगत होता, त्यानं विचारलं होतं त्याला. आमच्या शेतावरची बंद पडलीय. पाठवा की."

तिथं तरी सांगावं की नाही? मी मुंजाभाऊंना फोन केला. "डॉक्टरांची मोटार... बघता का जरा?"

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बगतो की. पत्ता सांगा."

आठवड्यानं डॉक्टरांच्या मिसेसचा फोन सुनंदाला आला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. "हो, हो," सुनंदा म्हणत होती, आणि मग तिचं 'हो' थांबलं. फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"त्या म्हणाल्या, तुमच्याकडचा मुंजाजी लय गुणाचा आहे. बाहेर पायरीवर जेवायला वाढलं, तर जाताना ताट घासून ठेवून गेला."

मी पेपर खाली घेतला नाही.

"भाऊजी तुमच्याकडं कधीपासून असतात?"

मी सगळं सांगितलं. पेपराच्या आडूनच सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मग माझी ताई कोण? मोलकरीण?"

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रविवारी डॉक्टरांना घेऊन बोरीला जायचं. त्यांच्यासमोर भाऊजींना सांगायचं. मी येणार नाही. मला बघवायचं नाही."

रविवारी सकाळी मी आणि डॉक्टर सायकलीवर निघालो. बोरी येईपर्यंत मी नुसतं टायरमधल्या हवेबद्दल बोललो. गावात शिरताना थांबलो आणि एका दमात सांगून टाकलं की मुंजाभाऊ माझ्याकडचा माणूस नाहीत, माझे थोरले साडू आहेत, आणि सायकलही त्यांनीच निवडलीय. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. बराच वेळ त्याचा पट्टा बघत राहिले.

"सर, मी त्यांना चहा आणायला पाठवलं हो."

"मी प्यालोसुद्धा," मी म्हणालो.

घरी ताई होत्या. म्हणाल्या, ते मळ्यात गेलेत, विहिरीत उतरलेत, पाइपाचा जोड सुटलाय. आम्ही पांदणीनं गेलो. विहीर पन्नासेक फूट खोल, कच्च्या काठाची. वाकून पाहिलं तर खाली अंधार, अंधारात पाण्याचा तुकडा, आणि मधोमध पांढरा टॉवेल. दोन्ही हात पाइपाला धरलेले.

डॉक्टरांना अकराला पेशंट होते. थांबलो असतो तर मुंजाभाऊ वर आले असते, समोरासमोर बोलता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला वरूनच बरं वाटलं. पन्नास फुटांवरून माणसाचं तोंड दिसत नाही. पुढं महिन्याभरात ते गेले, आणि मधल्या काळात मी बोरीला गेलो नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

"मुंजाभाऊ!"

"कोन?"

"मी! परभणीहून! डॉक्टर आलेत सोबत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही आमच्याकडं नसता... म्हणजे, तुम्ही माझे साडू आहात!"

"काय म्हनलाव?"

"साडू आहात म्हणालो! माझे!"

"आं?"

शेजारच्या रानात सोयाबीन खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. डॉक्टर माझ्याकडे न बघता दूर बांधाकडे बघत होते. मी काठावर गुडघे टेकले आणि होता नव्हता तो आवाज काढला.

"तुम्ही माझे थोरले साडू आहात! मी दुकानात खोटं बोललो! माझं चुकलं!"

विहिरीनं ते एकदा परत म्हणून दाखवलं. मग खाली पाना पाइपावर आपटल्याचा आवाज आला, दोनदा. टॉवेल हलला नाही, वर तोंड झालं नाही.

"आयकू आलं व्हतं पयल्यालाच," खालून आवाज आला. "काठावरून मागं सरा आता. माती पडायलीय अंगावर."

मी दोन पावलं मागं सरलो. तिथून विहिरीतलं काही दिसत नव्हतं.